तिसऱ्या डब्यातली नवरी

दीर म्हणे, "वयनी, अर्ध्या हातानं काय होते?" अर्ध्या हातानं काय होते ते मी सांगते. सिनेमाची पट्टी एक हात कापली की पडद्यावरून घड्याळाचा एक ठोका जातो. आमचा मशीनवाला खुशाल याने मला मोजून दाखवले आहे. माझे धाकटे दीर भैयाजी यांनी सात वर्षे अर्धा हात, अर्धा हात करत माझ्या पोरीचे ऐंशी हात कापून टाकले. आणि परवा जेवता जेवता म्हणतात, यंदा दिवाळीनंतरच्या मंडयांमध्ये, गावोगावच्या जत्रांत, पुन्हा तोच सिनेमा लावू, लोकं मागून राहिले. लोकं मागतीलच. त्यांची पोरगी थोडीच कापली जाते. म्हणून हा कागद.

साक्षीला बसलेले मास्तर म्हणतात, आधी कोण कुठली ते लिहा. तर मी रुख्मा मनिराम टेंभरे, वय सत्तेचाळीस, राहणार मुर्री, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, धंदा धानाची शेती व फिरता टाकीज, शिक्षण दुसरी. डोके ठिकाणावर आहे, पोट नाही. पोटात गोळा आहे, तो काढायला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचे आहे. परत आले तर हा कागद चुलीत घालीन. नाही आले तर खरा धरावा. कोणी धाक घातला नाही, कोणी शिकवले नाही. "सदरहू" आणि "वारस" एवढे दोन शब्द शालीकराम मास्तरांचे, बाकी माझे.

कलम पहिले. मुर्रीचे घर, दोन खोल्या व परसातली विहीर, नणंद सुशीलाबाई हिने मरेपर्यंत वापरावे. ती विधवा झाल्यापासून माझ्याजवळ आहे. आमचे रोज भांडण होते, पण भांडायला माणूस लागते. तिला कोणी घराबाहेर काढले तर मी वरून बघीन.

कलम दुसरे. फुलचूरच्या धानाच्या दोन बांध्या भैयाजींच्या. त्यांचा हक्क आहे, माझे काही म्हणणे नाही. धान त्यांना चांगले समजते. सिनेमा समजत नाही.

कलम तिसरे. शिवणाची मशीन सुशीलाबाईला. खेकडा शिंप्याचा मुखवटा बांधीत बुजगावणे म्हणून उभा आहे, तो तिथेच राहू द्यावा, पाखरे भितात. बेडूक हवालदाराचा मुखवटा गावच्या बकारामने दंडारीच्या नाचासाठी नेला तो नेलाच. आता मागू नये, त्यात त्याचे डोके अडकते हीच त्याची शिक्षा.

हे मुखवटे कुठले ते लिहिणे भाग आहे, नाही तर पुढचे कोणाला कळणार नाही. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात आणि लहान पोरे बांधावर. ती रडू नयेत म्हणून मी गाणी जुळवत असे. खेकडा शिंपी, ज्याला कात्री दोन आणि कापड एकही नाही. बेडूक हवालदार, जो पावसालाच पकडतो. आणि गोगलगाय नवरी, जी आपल्याच लग्नाला उशिरा पोचते:

हळू चाल गं नवरी, घर तुझं पाठीवर,
वरात गेली पुढं पुढं, मांडव राहिला वाटेवर.

सन एकावन्नच्या हिवाळ्यात नागपूरचा घनश्याम नावाचा माणूस पोरांचा सिनेमा काढायला इकडे आला. बायांकडून गाणी ऐकली आणि सगळ्यांची एक गोष्ट केली, रातकिड्याच्या लग्नाची, "झिंगूर राजाची वरात". मुखवटे मी केले, झगे मी शिवले. दोन महिने त्याची माणसे आमच्या घरी जेवली. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर लिहिले, गीते: घनश्याम. लिहू दे. बायांची गाणी बायांच्या नावाने कधी कुठे लिहिली जातात? त्याला मी माफ केले असे मात्र लिहिणार नाही.

गोगलगाय नवरी झाली माझी शामकला. नऊ वर्षांची. पाठीवर बांबूची टोपली उलटी बांधून बांधाबांधाने चालायची. गाण्याचा आवाज मुंबईच्या कोण्या बाईचा, पण चाल तिची. चालता चालता मधेच ती विसरली, थांबली आणि बाजूला बघितले. बाजूला मी उभी होते. मी हाताने सांगितले, चाल. ती हसली आणि चालू लागली. घनश्याम डोक्याला हात लावून म्हणाला, "बाई, पट्टी संपली, आता दुसऱ्यांदा घेता येत नाही." म्हणून ते तसेच राहिले.

पुढच्या पावसाळ्यात शामकला तापाने गेली. सिनेमा तिने बघितला नाही. तिचा फोटो नाही. आमच्यात कोण पोरीचे फोटो काढते? सिनेमा मोठ्या गावात पडला, घनश्यामने कंपनी गुंडाळली आणि जेवणाच्या बदल्यात ती एकुलती एक प्रत माझ्या नवऱ्याला देऊन गेला. म्हणजे माझी पोरगी सगळ्या दुनियेत एकाच ठिकाणी आहे, पट्टीच्या तिसऱ्या डब्यात.

आता भैयाजींचा गुन्हा, आणि माझा. सदरहू नवरीचे गाणे लागले की मंडईतले लोक ओरडतात, "वन्स मोर!" दंडारीत नाच्याला सांगतात तसेच पडद्याला सांगतात. दंडारीतला नाच्या पुन्हा नाचतो, त्याचे काही फाटत नाही. इथे मशीन थांबवून पट्टी हाताने मागे ओढतात आणि पुन्हा लावतात. ओढली की काठाची भोके फाटतात. फाटले तेवढे कापायचे, खरवडून डिंक लावून जोडायचे. लोक ओरडतात तेही नेमके ती बघते तिथे. तंबूतल्या प्रत्येकाला वाटते, पोरगी आपल्याकडे बघून राहिली. म्हणून कापणेही तिथेच, नाही तर तिच्या आगेमागेच्या चालण्यात. कापलेले तुकडे गावची पोरे उन्हाकडे धरून बघायला नेतात. माझी शामकला किती जणांच्या खिशात गेली कोण जाणे.

पहिली दोन वर्षे सगळ्यात मोठ्याने "वन्स मोर" मी ओरडत होते. हे कोणी मला सांगायला नको, मीच लिहिते. यजमान होते तोवर तेही पट्टी ओढू देत, मला बघायला मिळावे म्हणून. आम्हाला समजलेच नाही की बघून बघून आपण तिला संपवतो आहोत.

आधी ती पाच हात माझ्याकडे बघायची. आता दीड हात राहिले. गोगलगाय आता धावत मांडवात जाते. लोक हसतात.

गेल्या साली चिचगडच्या मंडईत मी मशीनपुढे उभी राहिले.

"वयनी, सरक. लोकं तंबू फाडतील."

"फाडू दे. तंबू शिवता येते."

"त्याईले हेच गाणं पाहिजे. हे नाही लावलं तर माणूस येत नाही, तुले मालूम आहे."

"मले मालूम आहे."

"मग काऊन अडून राहिली?"

खुशालने मान खाली घातली आणि पट्टी ओढली. अर्धा हात गेला. भैयाजी खोटे बोलत नव्हते. त्या गाण्याशिवाय तंबू रिकामा राहतो हे खरे आहे. पण मी गेल्यावर मशीनपुढे उभे राहायला कोणी नाही, हेही खरे आहे.

कलम शेवटचे, बाकी सगळे विसरले तरी चालेल. तंबू, बैल व त्यांची दमणी-गाडी भैयाजींची. सिनेमाची मशीन माझ्या आईने दिलेल्या पाटल्या मोडून घेतली म्हणून माझी, आणि तिसरा डबा माझा. भैयाजी, तू होय म्हटलेस तर मशीन तुझी. होय म्हणजे असे: खुशाल तिसरा डबा घेऊन मुंबईला जाईल, दुसरी प्रत काढून आणील, आणि तोवर ते गाणे कुठेही लागणार नाही. यंदाच्या मंडया त्याच्याविना काढाव्या लागतील. तुझे नुकसान होईल, मला दिसते. मग ती दुसरी प्रत पाहिजे तेवढी ओढ, फाड, पोरांना वाट. पहिली लोखंडी पेटीत राहील, सुशीलाबाईच्या खाटेखाली.

नाही म्हटलेस तर मशीन आणि तिसरा डबा दोन्ही खुशालचे. वारस तो. त्याने मान खाली घातली होती, तू नाही.

हे कलम मास्तर तुला आधीच वाचून दाखवतील. दसऱ्याला तू सोने द्यायला येशीलच, दर साली येतोस. या वेळी आपट्याची पाने बाजूला ठेव आणि साक्षीदारांसमोर तोंडाने सांग, होय का नाही. "बघू", "मंडई होऊन जाऊ दे" आणि "वयनी, तू आधी बरी होऊन ये" ही तिन्ही उत्तरे मी नाही म्हणूनच धरीन. दिवस बुडेपर्यंत वाट बघते.

सही: रुख्मा मनिराम टेंभरे (स्वहस्ते)

साक्षीदार:
१. शालीकराम मास्तर, मुर्री (साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही असे तेच म्हणाले, म्हणून रिकाम्या हाताने)
२. गीताबाई हिरालाल बिसेन, फुलचूर, अंगठा

मुक्काम मुर्री, तारीख ५ ऑक्टोबर १९५९, सोमवार