दमले, हे सांगायला नऊ महिने

जळगाव,
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय रत्नास,
सप्रेम जय जिनेंद्र.

यंदा चोपड्याकडे केळीवर करपा फार आहे असं ऐकते. तुमच्या बागेचं काय? इकडे सगळे ठीक. श्रेयांस दुकानात असतो आणि सूनबाई चेलना माझ्यावर नजर ठेवून असते.

परवा आमची संवत्सरी झाली. दरवर्षी या दिवसांत तुला माझं छापील कार्ड येतं, ‘कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी’ असं. यंदा कार्ड हातात घेतलं आणि परत ठेवलं. तुझ्या बाबतीत माझ्याकडून नकळत काहीच झालेलं नाही. म्हणून हे हाताने लिहिते आहे. अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं, सांभाळून घे.

माझा पार्किन्सन्स तुला माहीत आहे. हात थरथरायला लागला तेव्हा मी तो लपवला नाही. शिंदखेड्याच्या सभेत तोच हात वर करून म्हणाले होते, “हात थरथरतो, मत थरथरत नाही.” टाळ्या किती वेळ चालल्या, तू शेजारीच होतीस. त्या टाळ्यांनी माझं नुकसान केलं. थरथरीचं भाषण करता येतं. या आजारात दुसरी एक गोष्ट असते, तिचं भाषण होत नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आज पुढे.

डिसेंबरात तुमच्या गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं. रविवारी मतदान, शुक्रवारी चारला सभा, आणि बोलणार मी. आडव्या बाटलीवर शिक्का मारा, हे सांगायला तू मला दोन महिने आधी बोलावलं होतंस. मी आले नाही. ड्रायव्हर छगनने गाडीतून तुला फोन केला की अक्कांना धुळ्याला मोठ्या सभेला थांबावं लागलं. मतदानात एकोणीस मतं कमी पडली. त्यानंतर तुझा फोन नाही. मीही केला नाही.

धुळ्याला मोठी सभा नव्हती. सकाळी एका महाविद्यालयात बक्षीस समारंभ होता, तो बाराला संपला. चारला मी तुमच्या गावाबाहेर, केळी भरायच्या शेडपाशी होते. छगनने दार उघडलं आणि मला उतरता येईना.

दुखत काही नव्हतं. झोपही आलेली नव्हती. विहिरीला पाणी आहे, मोटार जागेवर आहे, फक्त लाइट गेली आहे, असं झालं. पाऊण तास तशीच बसले. तुझा आवाज भोंग्यावरून ऐकू येत होता. “बाया हो, उठू नका. अक्का निघाल्या आहेत, पाचच मिनिटं.” तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर छगनला गाडी वळवायला सांगितली, आणि फोनवर काय सांगायचं तेही मीच त्याला शिकवलं.

का, ते सांगते. पस्तीस वर्षं मी गावोगाव ओरडत आले की थकवा हे आळसाचं सभ्य नाव आहे. शेतात राबून आलेल्या बायकांना हे सांगितलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं. आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने म्हणू की बाई दमली? घमेंडखोर म्हटलेलं मला चालत होतं. अक्का मोठी झाली, आता तिला खेडं दिसत नाही, असं लोक म्हणाले तरी त्यात मी मोठीच राहत होते ना.

मे महिन्यात चेलनाने पकडलं. न्हाणीघरात स्टुलावर बसले होते, अंघोळ झालेली, केस ओले, आणि कंगवा उचलवेना. ती म्हणाली, “मम्मीजी, हे कधीपासून?” मी म्हटलं, “आजच.” ती म्हणाली, “आजच कसं? पाणी थांबल्यावरही रोज तासभर दार बंदच असतं तुमचं.”

तिने मला डॉक्टरांकडे नेलं. तेच डॉक्टर, सहा वर्षांपासूनचे. ते म्हणाले, “हाताचं सांगता, चालण्याचं सांगता. दमता, हे कधी बोलला नाहीत.” मी म्हटलं, “तुम्ही विचारलं नाहीत.” “बरं, आज विचारतो.” आणि रत्ना, मी त्यांच्यासमोर पाच मिनिटं रडले. ते म्हणाले, हा थकवा आजाराचाच भाग आहे. कित्येकांना तो थरथरीपेक्षा जास्त छळतो. इच्छाशक्तीने जात नाही, आणि विश्रांती घेतली म्हणून कुणी आळशी ठरत नाही. त्यांनी गोळ्यांच्या वेळा सरकवल्या, झोपेची आणि मनाची चौकशी केली, रोज थोडं चालायला लावलं.

आता सकाळी एक काम, संध्याकाळी एक. तिसरं आलं तर ते उद्याचं. गोळी लागू पडते तो दहा ते बाराचा वेळ महत्त्वाच्या कामाला राखते. जेवणानंतर अर्धा तास आडवी होते. पूर्वी पार गळेपर्यंत रेटायची आणि मग दोन दिवस पडून राहायची, आता गळायच्या आधी थांबते. थकवा गेलेला नाही. पण त्याच्याशी रोजचं भांडण मिटलं, त्यानेच निम्मी ताकद परत आली.

हे सगळं तुला सांगायचं राहिलं होतं. ती एकोणीस मतं माझ्या अंगावर आहेत. फोनवर सांगितलं ते खोटं होतं आणि कळूनसवरून होतं. मिच्छामि दुक्कडम्. पुढच्या मतदानाला तू मला बोलावलं नाहीस तर मी समजून घेईन.

तुझी,
कुसुमलता


जळगाव,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्ना,

पोचलीस असा छगनला निरोप मिळाला. तू गेल्यावर मी दोन तास गाढ झोपले. चेलना विचारते, त्या बाई भांडत होत्या की हसत होत्या? मी म्हटलं, दोन्ही.

तू न कळवता एसटीने आलीस, चप्पल काढलीस आणि पाणीसुद्धा न घेता म्हणालीस, “तू धुळ्याले नव्हती, हे मले त्याच दिवशी माहीत व्हतं. गावना पितांबरनं शेडपाशी तुनी गाडी पाह्यली.” गाडी वेशीपर्यंत येऊन वळली, म्हणजे दुकानवाल्याने अक्काला वळवलं, असं बठ्ठं गाव बोलत होतं, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तू त्यांच्याशी भांडत राहिलीस, आणि घरी येऊन तुलाही तेच वाटायचं. मी गर्विष्ठ दिसत असेन म्हणून खुशाल बसले होते, आणि तुझ्या गावात मी विकली गेले होते.

“अन् तू नुसती दमेल व्हती?” तू म्हणालीस. “मरो ते. नऊ महिने मी तुले विकेल समजत व्हती.” मग जी हसायला लागलीस, ती पदर तोंडाशी धरून रडेपर्यंत. ज्या गोष्टीची मला एवढी लाज वाटत होती, ती ऐकून कुणाला एवढं हायसं वाटेल, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

नंतर मात्र रागावलीस. “सांगती तं खाट आणती मी. खाटेवर निजीसन बोलती. बायाच व्हत्या समोर, कोन हासनार व्हतं?”

आणि एकोणीस मतांचं मी पुन्हा काढलं तेव्हा म्हणालीस, दुकानवाल्याने त्या रविवारी दोन टेम्पो भरून बाया केळी भरायला रावेरला नेल्या होत्या. “त्यास्नी आनाले भाषन नही लागत अक्का, टेम्पो लागस.” पस्तीस वर्षांत माझ्या वक्तृत्वाची एवढी नेमकी किंमत कुणी केली नव्हती. ऐकून बरं वाटलं, खरंच.

तर ठरलं तसं. जानेवारीत पुन्हा मतदान लागेल तेव्हा मी सभेच्या आदल्या दिवशी दुपारीच तुझ्याकडे येईन आणि लवकर झोपेन. सभा सकाळी साडेदहाला. मी खुर्चीवर बसून दहा मिनिटं बोलेन. पहिली दोन मिनिटं मी कुठे चुकीचं शिकवलं त्याबद्दल, बाकीची आडव्या बाटलीबद्दल. पुढचं सगळं तू बोलायचंस. भोंग्यावर तू पाऊण तास बाया बसवून ठेवल्या होत्यास, ते मी ऐकलं आहे. तुला येत नाही हे मला सांगू नकोस.

आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण दमले.

तुझी अक्का