कराराच्या टेबलाखालून

आदरणीय दाजी,

तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं, गेले पाच दिवस मला वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमच्या गुडघ्याला तेल चालू असेल. ताईच्या सकाळच्या शिंका थांबल्या का? इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी सुतारकाम कुठल्या शाळेत शिकलो नाही. एक मोडकी खुर्ची चौदा वेळा खोलली, चौदा वेळा जोडली आणि शिकलो. (ती खुर्ची अजून आहे. हलत नाही.) त्यामुळे व्यापार खात्याचा अधिकारी माझ्या दारात आला याचं मला नवल वाटलं नाही. पाहुण्या देशाशी मोठा करार व्हायचा होता आणि सह्यांसाठी टेबल हवं होतं: अर्धं आपल्या लाकडाचं, अर्धं त्यांच्या, सांधा बरोबर मधोमध, सहकार्याची खूण म्हणून. या अधिकाऱ्याला मी बरंबरं म्हणतो, कारण काहीही सांगा, तो बरं बरं म्हणतो आणि आपल्या मनाचंच करतो. मी सांगितलं, साहेब, पाहुण्यांचं लाकूड बोटीतून ओलं आलंय, तीन महिने सावलीत वाळू द्या, नाहीतर सांधा तोंड उघडेल. बरं बरं म्हणाला आणि एकोणीस दिवसांची मुदत देऊन गेला. लाकडाला खूणबीण कळत नाही, दाजी. त्याला ओलं आणि कोरडं एवढंच कळतं.

सह्यांच्या दिवशी त्या दालनात सकाळपासून एसी चालू. मी अकराला पोचलो तर सांध्यात अडीच मिलिमीटरची फट (मोजली), आणि दोन्ही फळ्यांना खालून धरणारी आडवी पट्टी तडकलेली. कोणी कोपर टेकलं असतं तरी टेबल मधोमध बसलं असतं. पाहुणे जिन्यापर्यंत आले होते. मी म्हटलं, "साहेब, खालून टेकू हवा." मी फळीकडे पाहतो तसं बरंबरंनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री, तुमची उंची किती?"

टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत होतं. त्रेपन्न मिनिटं मी त्याच्या आत गुडघ्यांवर, दोन्ही तळवे आणि टाळू सांध्याला लावून. वर अख्खा करार मोठ्यानं वाचला गेला. पहिली सहा कलमं मैत्रीची होती, ती मला चालली. सातवं कलम असं, की तयार लाकडी फर्निचरवरचा आयात कर यंदापासून रद्द. म्हणजे ज्याच्या डोक्यावर टेबल, त्याच्याच पोटावर पाय. मग आपले मंत्री सहीला टेकले. (फार दाबून लिहितात. नावाखालची रेघ मला टाळूत कळली.)

एक हात काढला असता तर करार माझ्या मांडीत आला असता. काढला नाही. टेबल बसलं असतं तर सातव्या कलमाला कोणी नावं ठेवली नसती, मिस्त्रीला ठेवली असती. टाळ्या झाल्या. पाहुण्यांच्या पुढाऱ्यानं टेबलावर, म्हणजे माझ्या डोक्यावर, तीनदा ठोकून पाहिलं आणि दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, किती भक्कम आहे. आमच्या लाकडाचा हाच गुण." त्यावरही बरंबरं म्हणाला, बरं बरं.

परवा शाळेनं माझं चाळीस बाकांचं काम थांबवलं. आता बाहेरून स्वस्तात येतील, जरा थांबतो, म्हणाले. (अकरा वर्षांत त्यांच्या एकाही बाकाचा खिळा वर आलेला नाही.) ठीक आहे. पण लिहून ठेवा, दाजी, माझ्या कारखान्याला कुलूप लागलं तरी त्या परदेशी कपाटांना हा माणूस बोट लावणार नाही.

तुमचा मेहुणा

ता.क. वर्तमानपत्रातल्या फोटोत कापडाच्या उजव्या काठाखाली तपकिरी बुटाचं टोक दिसतं. ते बूट ताईनं दिलेले आहेत. तिला तो अंक दाखवू नका.

आणखी ता.क. ताईच्या फोनवरून कळलं, त्या परदेशी फर्निचरची एजन्सी तुम्हीच घेतली. माल म्हणे खोक्यांतून सुटा येतो, आणि तुमच्या दुकानात नमुन्याला म्हणून जोडलेल्या तीन कपाटांपैकी एकाचंही दार मिटत नाही. मी काही बोलत नाही. सोमवारी नऊला येतो. काटकोन बघायचा गुण्या आणि हत्यारं माझी असतील; खोक्यातला तो इवलासा पाना तुमच्याकडेच ठेवा. मी तिथे कामाला येतो हे चार लोकांत बोलू नका. दारं मिटली की मात्र गिऱ्हाइकाला सांगा, कोणी मिटवली.