रक्तदाबाचा पट्टा परत न देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सरकारी रुग्णालय

विषय : प्रयोगशाळेतील नकाशा न काढण्याबाबत व पट्टा परत न देण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, 'भिंतीवरील भीतिदायक नकाशा तात्काळ काढणे'.

महोदय,

१. मी येथे अकरा वर्षे तंत्रज्ञ आहे. ज्या रुग्णाच्या नमुन्यात औषधांना दाद न देणारी बुरशी सापडते, त्याच्या खाटेवर मी रुग्णालयाच्या नकाशात लाल टाचणी टोचते. टाचण्या चौदा झाल्या. रुग्ण दगावल्याने त्यांतल्या पाच काळ्या कराव्या लागल्या. नकाशा भीतिदायक आहे, हे मान्य. तो काढल्याने बुरशी निघत नाही, म्हणून काढणार नाही.

२. पाणी, फरशी, चादरी तपासल्या. हाती काही लागले नाही. शेवटी तारखा लावून पाहिल्या. आपल्या प्रत्येक पाहणी दौऱ्यानंतर आठवड्याभरात नव्या टाचण्या येतात, आणि त्याही आपण जाता त्याच वॉर्डांत.

३. कृपया रागावू नये, किंवा पूर्ण वाचून रागवावे. रक्तदाबाच्या यंत्राचा धड पट्टा रुग्णालयात एकच आहे. तो आपल्याला प्रत्येक वॉर्डात दिसावा म्हणून आपण पुढच्या दाराने निघताच वॉर्डातल्या मावशी तो मागच्या जिन्याने पुढे पळवतात आणि तिथल्या रुग्णाच्या दंडाला बांधतात. मी विचारले, तर म्हणाल्या, "साहेबांच्या आधी पोचायचं असतं हो बाई. पुसत कुठं बसू?" त्या पट्ट्याचे अस्तर तपासले, तर तीच बुरशी निघाली. मावशींचा यात दोष नाही.

४. जळीत वॉर्ड शेवटी येतो आणि तिथवर आपली चहाची वेळ होते, म्हणून तो आजवर वाचला. येत्या गुरुवारी चहा दौऱ्यानंतर घेण्याचे परिपत्रक निघाले आहे. तिथे तिसऱ्या खाटेवर एक शिंपीण आहे. पाठ भाजलेली, आता कुठे नवी कातडी धरू लागली आहे. तिला ही बुरशी लागली तर तिला द्यायला आपल्याकडे एकही औषध नाही. मला याचा संताप येतो, तो या अर्जात नोंदवून ठेवते.

५. सबब पट्टा सीलबंद पिशवीत घालून मी कपाटात ठेवला आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. नोटीस काढावी, सही करून घेईन. प्रत्येक खाटेला वेगळा पट्टा येईपर्यंत किल्ली मिळणार नाही. गुरुवारी जळीत वॉर्डात आपल्याला यंत्र दिसेल, पट्टा दिसणार नाही. शेऱ्यात 'त्रुटी' लिहावे आणि त्यापुढे माझे नाव लिहावे.

आपली, एवढी एक आज्ञा सोडून आज्ञाधारक,
(सही)
प्रयोगशाळा तंत्रज्ञ
दिनांक : दौऱ्याआधीचा मंगळवार

सोबत :
१. नकाशाची प्रत
२. तपासणी अहवाल
३. पट्टा : जोडलेला नाही