सहावा फर्मा

मी, जालिंदर नामदेव बोरुडे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, राहणार कोल्हार, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या सर्व्हिस बुकात अहमदनगर आहे, वारसांनी त्यावरून घोळ घालू नये), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना असा दाखला मिळणार नाही अशी पुष्कळ माणसे माझ्या ओळखीत आहेत, पण कायदा फक्त मरणाऱ्यालाच विचारतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. येत्या पंधरा तारखेला पुण्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि तिथून मी परत येईनच असे डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून आज बसलो आहे. याआधी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. कोल्हार येथील तीन खोल्यांचे घर माझा मुलगा हर्षल याला मिळावे. त्याला दुसरा वाटेकरी नाही. हर्षल, तू पुण्यातून इकडे राहायला येणार नाहीस हे मला माहीत आहे आणि त्याचा रागही नाही. घर विकलेस तरी चालेल. फक्त पुढच्या खोलीतल्या फळ्या भिंतीतून उपटताना प्लास्टर निघेल, तेवढा खर्च धरून भाव ठरव.

कलम दुसरे. त्या फळ्यांवरची सर्व पुस्तके कर्जतच्या राजेश्वरीताईंना द्यावीत. त्यांची पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत बायका ताटकळतात म्हणून त्यांनी गिरणीत एक मांडणी ठेवून पुस्तके लावली, आणि आता दळण झाले तरी बायका उठत नाहीत असे त्या सांगतात. मी एकतीस वर्षे शाळेचे ग्रंथालय सांभाळले. तिथे असे कोणी बसल्याचे मला आठवत नाही. पुस्तकांबरोबर माझा तारखेचा शिक्का, दाभण, बायंडिंगचा दोरा आणि खळीचे भांडेही त्यांनाच द्यावे. पुस्तकांवर पीठ बसेल. बसू द्यावे.

कलम तिसरे. व्हॉट्सॲपवर ‘पानोपानी’ नावाचा आमचा वाचकांचा समूह आहे. २०१६ साली मी तो काढला. आज त्यात सहाशे बारा जण आहेत, बेलापूरपासून दुबईपर्यंत. वर्षातून तीनदा मी त्यावर वाचण्याजोग्या पुस्तकांची यादी टाकतो: मृगाची, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. प्रत्येक यादीत सात पुस्तके आणि खाली वाचकवार्ता, म्हणजे कुठे प्रदर्शन लागले, कुणाचे पुस्तक आले, कुठले वाचनालय बंद पडले. दिवाळीची यादी वसुबारसेला सकाळी सात वाजता येते आणि सहा वाजल्यापासून लोक विचारू लागतात. समूहाचा नियम एकच आहे. जे पुस्तक स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले नाही, त्याबद्दल बरे किंवा वाईट काहीही बोलायचे नाही.

समूहाचे ॲडमिनपद, माझा मोबाईल आणि त्यातला नंबर माझी भाची अश्विनी हिला द्यावा. अश्विनी बेलापूरला असते, श्रीरामपुरात नर्स आहे. ती ते घेईल की नाही याची मला खात्री नाही. का नाही, ते पुढच्या कलमात येते. रोज पहाटे गुलाबाचे फूल आणि सुविचार पाठवणारे आमचे मित्र पुंजाराम शेळके यांना तिने समूहातून काढू नये. नऊ वर्षांत त्यांनी एकही पुस्तक वाचलेले नाही, पण माझ्या बायकोच्या आजारपणात रोज संध्याकाळी डबा त्यांच्याच घरून आला.

कलम चौथे. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, असले काही मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणालो, मृत्युपत्र माझे आहे.

माझी धाकटी बहीण माधुरी, अश्विनीची आई. शिक्षण दहावी. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तिने एक कादंबरी लिहिली, ‘पाटकऱ्याची पोर’. आमचे वडील प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कोणत्या गावाला कोणत्या दिवशी पाणी सोडायचे ते बघायचे. त्या घरातल्या मुलीची ही गोष्ट. माधुरीने ती श्रीरामपुरात स्वतः छापून घेतली, तीनशे प्रती. २०१९ च्या नवरात्रात पहिली प्रत मला आणून दिली. ‘यादीत टाक’ असे ती म्हणाली नाही. ‘दादा, सवड झाली की वाच,’ एवढेच म्हणाली.

मी ती वाचली नाही. कारणे लिहितो, कारण सहा वर्षे मी ती स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती. पहिले कारण, त्याच्या दोन वर्षे आधीच मी एका मुख्याध्यापकांच्या कविता यादीत घ्यायला नकार दिला होता. आता सख्ख्या बहिणीचे पुस्तक घेतले तर लोक तोंडावर बोलतील अशी भीती वाटली. दुसरे कारण जास्त वाईट आहे. दहावी झालेली, आयुष्य कांदा आणि गाईम्हशीत गेलेली माझी बहीण काय लिहिणार, असे मला वाटले. मी कव्हर पाहिले, मागचा मजकूर वाचला आणि प्रत फळीवर ठेवली.

वसुबारसेला यादी गेली. त्यात सात पुस्तके होती, तिचे नव्हते. वाचकवार्तेतसुद्धा नव्हते. दुपारी तिचा फोन आला. यादीबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, “दादा, बायंडिंगवाल्यानं घोळ घातलाय. काही प्रती बिघडल्यात. तुझी ठीक हाय ना? नसली तर दुसरी देते.”

मी म्हणालो, “अगदी ठीक आहे. वाचून झाली माझी.”

“झाली?” तिचा आवाज एकदम उजळला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. “मधला भाग कसा वाटला रं?”

“मधला भाग तर फारच वास्तव उतरलाय,” मी म्हणालो. “यादीत मात्र बसत नव्हतं. लोकांना वेगळं काहीतरी लागतं.”

“बरं,” ती म्हणाली.

भाऊबीजेला ती कोल्हारला आली. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर ती फळीसमोर उभी होती आणि हातात माझी प्रत होती. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात, त्या एकेका गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. माझ्या प्रतीत सहावा फर्मा, म्हणजे पान एक्याऐंशी ते शहाण्णव, तिच्या कादंबरीचा नव्हताच. त्याच छापखान्यात शेळीपालनाची एक पुस्तिका छापली जात होती, तिची सोळा पाने बायंडरने मध्ये घातली होती. माधुरीने त्यातले एक वाक्य मला वाचून दाखवले. हळू आवाजात, शाळेत धडा वाचावा तसे. “पोटफुगी झालेल्या शेळीस त्वरित खाण्याचा सोडा व गोडे तेल पाजावे.” मग पुस्तक मिटून जागेवर ठेवले आणि म्हणाली, “वास्तव उतरलंय, व्हय दादा.”

तिने मला ओवाळले. जेवली. ताटात काही टाकले नाही. चारच्या एसटीने गेली आणि सात वाजता समूहावर ओळ आली की माधुरीने समूह सोडला. पुढच्या भाऊबीजेला कोरोनाचे निमित्त होते. त्याच्या पुढच्या वर्षी निमित्तही लागले नाही. २०२२ च्या जानेवारीत झोपेतच ती गेली. मी माफी मागितली नव्हती. मला वाटत होते, मी मोठा आहे, तीच कधीतरी बोलेल.

तिच्या दहाव्याहून आलो आणि मी ते पुस्तक वाचायला घेतले. दोन दिवसांत वाचले, शेळ्यांसकट. त्यात आमचे वडील आहेत, आई आहे, कालव्यावरची चौकी आहे, शेजाऱ्यांचा लंगडा कुत्रासुद्धा आहे. भाऊ मात्र कुठेच नाही. मी जन्मभर सभांमधून सांगत आलो होतो की बहिणीला अक्षरओळख मीच करून दिली. तेव्हा मी असा अर्थ लावला की भाऊ त्या सोळा पानांत असणार. चांगला असेल नाहीतर वाईट, पण असणार. मला ती पाने पाहिजे होती.

माधुरीने उरलेल्या प्रतींचे गठ्ठे कांद्याच्या चाळीत ठेवले होते, ते वाळवीने खाल्ले. धड प्रती चारच राहिल्या, अश्विनीकडे. मी तिला फोन केला.

“मामा, आईनं तुमाला दिली व्हती की एक प्रत.”

“ती सदोष आहे गं.”

“आत्ता कळलं व्हय?”

मी पुन्हा प्रत मागितली. ती म्हणाली, “यादीत टाका आईचं पुस्तक. त्या दिवशी प्रत आणून देते.”

“सगळं वाचल्याशिवाय यादीत टाकता येत नाही, अश्विनी. नियम आहे.”

“तवा न वाचता बाजूला काढता आलं. आता न वाचता टाकता येत न्हाई व्हय?”

साडेतीन वर्षे आम्ही दोघे असेच अडून बसलो. प्रत्येक यादीच्या दिवशी ती यादीत आईचे नाव शोधत असावी असे मला वाटे, पण तिने कधी एक अक्षर लिहिले नाही.

गेल्या महिन्यात हर्षलने तिला माझ्या ऑपरेशनचे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती ड्युटी बदलून कोल्हारला आली. पिशवीतून पुस्तक काढून माझ्या खाटेवर ठेवले. म्हणाली, “वाचा. मी बसते हितंच.” आणि मेथीची जुडी घेऊन खाली बसली. मी चष्मा पुसला आणि पान एक्याऐंशी उघडले.

सोळा पानांत मी नव्हतो.

त्या पानांत ती मुलगी आठ वर्षांची आहे. तिला अजून शाळेत घातलेले नाही. ती वडिलांबरोबर चौकीवर जाते. भिंतीवर पाणीपाळीचा कागद लावलेला असतो, गावांची नावे आणि तारखा. वडील ओरडून गावाचे नाव सांगतात आणि ती कागदावर ते शोधते. कोल्हारचा को, बेलापूरचा बे. असे करत एका उन्हाळ्यात ती वाचायला शिकते, आणि कोणाच्याही ते लक्षात येत नाही.

हे असेच घडले होते. मी तेव्हा नगरला बोर्डिंगात होतो. सुट्टीत यायचो तेव्हा माधुरी पाने फाडेल म्हणून माझी पुस्तके पेटीत घालून कुलूप लावायचो. किल्ली करगोट्याला बांधायचो. तिने मला गोष्टीतून काढून टाकले असे साडेतीन वर्षे मी समजत होतो. तिने काही काढले नव्हते. मी तिथे नव्हतो.

“कसं हाय?” अश्विनीने विचारले.

“चांगलं आहे.”

“चांगलं म्हंजी? आईला बी तेवढ्यावरच वाटंला लावलं व्हतं तुमी.”

मला रडू आले. एकाहत्तराव्या वर्षी भाचीसमोर मी हुंदके देऊन रडलो. तिने मला गप्प केले नाही. मेथी निवडून झाली, तिने भाजी केली, दोन भाकरी टाकल्या आणि मला वाढले. जाताना प्रत मागेच ठेवून गेली. मला माफ केले असे ती म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही.

कलम पाचवे. शेळ्यांची पाने असलेली माझी प्रत हर्षलला द्यावी. हर्षल, तू चारचौघांत सांगतोस की माझे वडील कधी खोटे बोलले नाहीत. ही प्रत घरात ठेव.

कलम सहावे. पोस्टातल्या बचतीतून ‘पाटकऱ्याची पोर’ पुन्हा छापावी, तीनशेच प्रती. हक्क अश्विनीचे. बांधून आल्यावर प्रत्येक प्रत सहाव्या फर्म्याशी उघडून पाहावी आणि मगच बाहेर द्यावी. राहिलेली रक्कम हर्षलने घ्यावी. माझ्या दहाव्याला घाटावर कोणत्याही पुढाऱ्याचे भाषण होऊ देऊ नये. ते माझ्याबद्दल जे सांगतील त्यातले त्यांनी काहीच वाचलेले नसते.

कलम सातवे. येत्या सतरा तारखेला वसुबारस आहे. मी शुद्धीवर असलो तर दिवाळीची यादी दवाखान्यातून मीच टाकीन. नसलो तर अश्विनीने, आणि तिने नाही म्हटले तर हर्षलने, पुढील मजकूर सकाळी सात वाजता समूहावर टाकावा. एक अक्षर बदलू नये. या वेळच्या यादीत सात पुस्तके नाहीत.

“वाचकहो, यंदाच्या दिवाळीला एकच पुस्तक. ‘पाटकऱ्याची पोर’, लेखिका माधुरी बिभीषण निमसे, पाने एकशे चौऱ्याऐंशी. मी सर्व पाने वाचली आहेत. सुरुवातीची तीस पाने रेंगाळतात आणि शेवट घाईने उरकला आहे, हे आधीच सांगतो. पण मधली सोळा पाने, एक्याऐंशी ते शहाण्णव, यांच्या तोडीचे मी एवढ्या वर्षांत फार थोडे वाचले आहे. लेखिका माझी धाकटी बहीण. हे पुस्तक सहा वर्षांपूर्वी माझ्या फळीवर होते. मी ते न वाचता बाजूला ठेवले आणि वाचले असे तिला खोटे सांगितले. ती चूक पुस्तकाची नाही, माझी आहे. यादीत पुस्तक आले की खाली मी लेखकाचा नंबर देतो, आणि तुम्ही दिवसभर त्यांना फोन करता. वाशीमच्या एका लेखकाला एका दिवाळीत एकशे चाळीस फोन आले होते, ते लहान मुलासारखे रडले होते. माधुरीला एकही फोन आला नाही. तिचा नंबर आता बंद आहे. मी लावून पाहिला.”

इथे माझे लिहिणे संपले. वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, कुठेही पान न गाळता, आणि त्यांच्या देखत सही केली. अश्विनी लाभार्थी असल्याने तिने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले. ती आज इथे नाही.

सही: जालिंदर नामदेव बोरुडे

साक्षीदार:
१. पुंजाराम शेळके, किराणा दुकानदार, कोल्हार
२. चांगुणाबाई वाकचौरे, निवृत्त अंगणवाडी सेविका, कोल्हार

ठिकाण: कोल्हार
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५, सोमवार