धुकं म्हणा

१२ मार्च

पिशोरला आमच्या शेतात मेंढ्या बसवायला येणारी मंजुळाबाई मला एकदा म्हणाली होती, "पोरी, पेटल्या डोंगराम्होरं आपल्या माणसाचं नाव घिऊ नाय." मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते. आज सोयगावहून एसटी घाट चढून धारमाळला आली आणि पहिली पाटी दिसली, 'एको पॉइंट: आपले नाव पुकारा', तेव्हा ते वाक्य आठवलं आणि हसू आलं. इथं तर डोंगराला नाव ऐकवायचं तिकीट लागतं.

अतिथीगृह छान आहे. लांब ओसरी, समोर दरी, दरीत फुललेला पळस. स्वयंपाक द्वारकाबाई करतात. आल्या आल्या चहा दिला आणि शहरातल्या पुंडलिकनगरची मॅनेजरबाई इथं किती दिवस टिकायची, असं मलाच विचारलं. मी टिकणार. लेकीची, सायलीची, परीक्षा झाली की तिला इथंच आणणार; तोवर खालच्या मजल्यावरच्या गीताबाई तिच्याकडं बघतील. शहरातल्या धुळीत तिचा दमा हटत नाही. डॉक्टर म्हणाले हवा बदला, तर मी नोकरीच हवेतली धरली. ती रुसली आहे. हवा आणायला चाललीस की मला टाकून चाललीस, असं निघताना म्हणाली.

१७ मार्च

फोनला रेंज फक्त एको पॉइंटला येते, तीही कठड्याच्या पार टोकाला. रोज संध्याकाळी तिथं उभी राहून मी 'सायली, सायली, ऐकू येतंय का' ओरडत असते. तिला ऐकू येत नाही, दरीला येतं. दरी नाव परत सांगते. सायली म्हणाली, आई, फोन ठेव आणि नुसती ओरड, पुंडलिकनगरपर्यंत येईल. आज बऱ्याच दिवसांनी हसली.

२१ मार्च

समोरच्या डोंगराला वणवा लागला आहे. लांबून वाटतं, कुणीतरी डोंगराला लाल दोऱ्यानं टीप घातली आहे. वनरक्षक अजिनाथ चहाला थांबले होते. सागाचा पाला वाळलाय, कुसळी गवत वाळलंय, दरसालचंच आहे म्हणाले. पण पेटलेला तुकडा महसुलाच्या जमिनीत येतो. मी तहसिलात फोन केला, ते म्हणाले वनखात्याचा आहे. हे अजिनाथना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, जाळाला सातबारा दाखवा, म्हणावं तूच सांग तू कुणाच्या हद्दीत हायेस."

मालकांचा निरोप निराळाच. बुकिंग रद्द होता कामा नये. पाहुण्यांनी विचारलं तर धूर म्हणू नका, धुकं म्हणा. मार्चमध्ये. या उन्हात. मी धुकं म्हटलं. पाहुण्यांनी फोटो काढले.

द्वारकाबाई नवऱ्याला बोलवायला ताट वाजवतात. का ते आज कळलं. वणवा पेटला की धारमाळात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. जाळाच्या कानावर ज्याचं नाव पडतं त्याच्या दारी धूर जातो, आणि हाक मारणाऱ्याच्याच आवाजात बोलावतो. दार उघडलं की त्या माणसाचा श्वास घेऊन जातो. ताई, जाळ हाय तवर पॉइंटला जाऊ नगा, म्हणाल्या. मी मान डोलावली. पण उद्या सायलीचा पेपर. तिच्याशी बोलल्याशिवाय कशी राहू? गेले. वाऱ्यानं फार ओरडावं लागलं.

२४ मार्च

सायलीचा मेसेज: घरात धूर येतोय, खाली गीताबाईंकडे मात्र वासही नाही. धारमाळ कुठं, पुंडलिकनगर कुठं. मध्ये अख्खा सिल्लोड तालुका आहे.

फोन लावला. तिनं विचारलं, आई, दुपारी तू आली होतीस का? जिन्यात माझी हाक ऐकली तिनं. दम्याचा पंप ओढून दाराशी गेली तोवर कुणी नव्हतं. उंबऱ्यावर काळं होतं, बोटाला लागलं.

दुपारी मी इथं चादरी घालत होते.

मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या मुलीनं शांतपणे विचारलं, आग आहे तिथं तुमची मुलगी नाही, मुलगी आहे तिथं आग नाही, मग तक्रार कुठली लिहू? मी धारमाळची लिहा म्हटलं. ती म्हणाली, धारमाळला तर धुकं आहे, तुमच्याच हॉटेलनं नेटवर टाकलंय. मला माझीच चीड आली.

२६ मार्च

सायलीला सांगितलं, आतून कडी लाव. माझ्या आवाजात कुणीही हाक मारली तरी उघडायचं नाही. ती चिडली. मग तू खरीच आलीस तर? मी म्हटलं, खरी येईन तेव्हा गीताबाईंना पुढं घालीन. त्यांनी दार वाजवलं तरच उघड.

ती म्हणाली, मला गीताबाई नको, तू हवीस. मग खोकत राहिली. सारखी खोकत—

सुट्टी मागितली. मालक म्हणाले शनिवार-रविवार फुल्ल आहे.

२७ मार्च

घाट बंद. वणवा दोन्ही अंगांनी वर येतोय. अजिनाथ आणि दोघं-तिघं ओल्या फांद्या घेऊन खाली उतरले. एवढ्या डोंगराला फांद्या.

पायवाटेनं सगळे निघाले. द्वारकाबाईंनी माझा हात धरला होता. मी म्हटलं, तुम्ही चला, एक फोन करून आले. चलती का न्हाई, म्हणून शिवी घातली त्यांनी मला. आईसारखी.

पॉइंटला आले. फोन उचलला गेला, पण पलीकडून शब्द नाही, नुसता खोकला. मला राहवलं नाही. नाव घेतलं. पुन्हा घेतलं. कठड्याखालून ऊब येतेय, दरी नाव परत सांगत नाही, गिळून—

२८ मार्च

धारमाळ गेलं. ओसरी, पाटी, पळस, सगळं. मी घाट उतरले. पाय भाजत नाहीत. अजिनाथ वळणावर भेटले. हाक मारली. ते माझ्यातून— माझ्याजवळून गेले. थांबले नाहीत.

एसटी नव्हती. तरी सिल्लोड मागं पडलं.

२८ मार्च, संध्याकाळ

पुंडलिकनगर. पेन कुठं पडलं कळत नाही. बोटानं लिहितेय. काळं उमटतंय.

ठरल्याप्रमाणं आधी गीताबाईंकडे गेले. खिडकीत होत्या. म्हटलं, जरा वर चला. त्यांनी पदर नाकाला लावला, म्हणाल्या, आता इथंबी धूर यायला लागला वाटतं. आणि खिडकी लावून घेतली.

तेव्हा समजलं.

मागं फिरावं म्हटलं. जिना चढत गेले. मी चढत नव्हते, तरी—

आमचं दार. आत ती खोकतेय. हाक मारायची नाही, असं ठरवलं होतं. माझ्याच आवाजात गेली हाक.

आई? म्हणाली. लगेच. किती दिवसांनी असं—

पावलं. ती येतेय.

सायली, मला आत यायचंय. फार यायचंय, म्हणूनच सांगतेय. उघडू नकोस. लहानपणापासून माझं एक ऐकलं नाहीस, हेही ऐकणार नाहीस, माहीत आहे. तरी एवढं एकदा. मी रडले तरी. कडीवरचा हात काढ बाळा, काढ, उघडू न—