संत्रं कुणाला दूध पाजत नाही

४ मार्च
आजपासून शिस्त. रानात उघड्यावर झोपलो, गोचीड चावली, तिच्या चाव्याने ॲलर्जी जडली, आणि आता दूध पाजणाऱ्या कुठल्याच प्राण्याचं मांस-चरबी चालत नाही. पोटात गेली की अंगावर गांधी, ओठ फुगतात. गेल्या वेळी श्वासही अडकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास लगेच नाही, काही तासांनी होतो. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय काही खाऊ नका. आणखीही बोलल्या. खिडकीत खार आली होती.

ताईची अट : पंचवीस तारखेपर्यंत स्वतः सामान आणून खायचं, एकही गांध उठता कामा नये. तरच सॅक परत. सॅक तिच्या कपाटात. ढांग्या (मित्र, पाय लांब, विचार आखूड) पंचवीसलाच नदीकाठाने समुद्रापर्यंत चालत निघतोय. मीही. फायनल.

५ मार्च
दुकानात एकेका पाकिटाला अर्धा तास. वाचताना डोकं ताजं राहावं म्हणून फळांच्या रबरी गोळ्या चघळल्या. त्यांच्या पाकिटावर संत्र्याचं चित्र. संत्रं काही कुणाला दूध पाजत नाही.

७ मार्च, संध्याकाळ
गांधी. जेमतेम चार. नुकतीच काकडी खाल्ली होती. काकडी बंद. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. ताई म्हणाली, एवढ्या उकाड्यात? म्हटलं, स्टाइल.

११ मार्च
पुन्हा गांधी. त्याआधी भात. भात बंद. भाऊजींनी विचारलं, काय संशोधक, तांदळाला शेपूट असतं का? त्यांना सायन्स कळत नाही.

१६ मार्च
आता फक्त उकडलेला बटाटा. पाण्यावरही नजर आहे. दिवसभर खोलीत. समोरचा रस्ता कुठेतरी जातो, मी बाथरूमपर्यंत. गोळ्या आहेत म्हणून तग धरून आहे.

२२ मार्च, दुपार
ताईने सॅक आधीच काढून दिली! म्हणाली, शहाणा झालास रे. (शर्टाचं बटण मी सोडलं नाही.) ढांग्या नकाशा घेऊन आला. आनंदात अख्खं पाकीट गोळ्या संपवल्या. इतका सावध मी जन्मात नव्हतो.

२३ मार्च, दवाखाना
काल संध्याकाळी जीभ सुजली. इंजेक्शन, ऑक्सिजन. ताईने माझ्या खिशातलं रिकामं पाकीट वाचलं. तिला अर्धा तास लागला नाही. तिसरा शब्द जिलेटिन. ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात म्हणे. मी म्हटलं, मी खाण्याच्या वस्तू तपासत होतो, हा नुसता तोंडाला चाळा. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. हसायला असाव्यात. ताई हसली नाही. म्हणाली, गाढवा, नदीकाठी घसा बंद झाला असता तर हाक कशाने मारली असतीस? उत्तर आहे माझ्याकडे. नंतर लिहीन.

२५ मार्च
ढांग्या गेला. जाताना सॅक मागितली. म्हणाला, चांगली आहे, पडून कशाला राहायची? ताईने माझ्याकडे बघितलं. मी त्याला पट्टे बसवून दिले.

दुपारी दुकानात गेलो. पाकिटं भाऊजी वाचतात. मी पिशवी धरतो.