राक्षसाची ताकद कमी करू नये

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कवळ्या बनवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि कुणाचा दाब नसताना करतो आहे. मी सांगतो, वकीलबाई टाइप करतात. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, चाळीस वर्षं घासलेल्या कवळ्यांची भुकटी तिथे जाऊन बसली आहे. तोंडाला फडकं बांधा म्हणून बायको कानीकपाळी ओरडायची. ती आधी गेली.

कलम १. दोन खोल्यांचं घर आणि बँकेत असेल ते माझ्या एकुलत्या एक लेकीला. कुणी हरकत घेतलीच, तर बायकोच्या आजारपणात आपण कुठे होतो ते त्याने आधी सांगावं.

कलम २. घासायची मोटर आणि कोरण्या आमच्याकडे पॉलिश करणाऱ्या बाईंना. त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. हे तोंडावर कधी बोललो नाही, हा माझा कोतेपणा.

कलम ३. खेळाचं सामान. कोर्टातल्या साहेबांसाठी खुलासा: दर रविवारी दुपारी आम्ही टेबलाभोवती बसतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं. गोष्ट मी सांगतो, राक्षस मी चालवतो, घाव बसला की नाही ते वीस बाजूंचे फासे ठरवतात, आकडा मोठा तर घाव बसला. माझे फासे पुठ्ठ्याच्या पडद्याआड पडतात. यात तोल सांभाळणं हे माझं काम. राक्षस असा हवा की खेळणाऱ्यांना घाम फुटावा, पण सगळे आडवे होऊ नयेत. एकोणीस वर्षांत माझ्या टेबलावर एकही पात्र मेलं नाही. याचा मला फार तोरा होता.

कवळीच्या प्लास्टरचे ओतलेले सगळे राक्षस माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला. सोबत माझी वही. "माझ्या तलवारबाजाला कुणी हात लावून दाखवावा!" अशी फुशारकी तो मारत आला आहे. मेहुणेबुवा, तुमचा तलवारबाज अकरा वेळा मेला होता. तारखा वहीत आहेत.

कलम ४. होय, मी फासे फिरवत होतो. वीस पडले की चार सांगायचो. सहा वर्षांपूर्वी लेक पाणी आणायला माझ्या मागून गेली आणि तिने पाहिलं.

"म्हणजे आपण कधी जिंकलोच नाही?"

"अगं, तुमच्यासाठीच केलं. तोल सांभाळायला नको?"

"हरायची सोयच नव्हती, बाबा. मग तोल कसला?"

त्या दिवसापासून ती टेबलाशी बसलेली नाही. घरी येते, औषधं देते, पंखा पुसते. मी तिला हट्टी म्हणालो, नात्यात चार जणांना सांगितलं. ते शब्द मी मागे घेतो.

कलम ५. गेल्या आठवड्यात डॉक्टर तिच्याशी दाराबाहेर बोलले. ती आत येऊन हसून म्हणाली, "छोटासा डाग आहे, औषधांनी जाईल." मी जन्मभर लोकांचे जबडे पाहिले आहेत. दात आवळून हसलेलं मला कळत नाही होय? तरी मी विश्वास ठेवला. ठेवायचा होता. पुढच्या वर्षीच्या खेळासाठी नवा अजगर कोरत सहा दिवस घालवले. मग ती औषधं आणायला गेली असताना तिच्या पिशवीतला रिपोर्ट वाचला. भयंकर संतापलो. माझं मरण आणि मलाच पत्ता नाही! पडद्यामागचे फासे पाहून तिला तेव्हा काय वाटलं असेल ते एकाहत्तराव्या वर्षी मला कळलं. लेकी, माझं चुकलं.

कलम ६. पडदा आजच जाळावा. गेल्या रविवारची गुहेतली अर्धवट लढाई मी जिवंत असताना, येत्या ~~रविवारी~~ आज, खेळावी. फासे सगळ्यांसमोर टाकावेत. राक्षसाची ताकद वहीत लिहिली आहे तेवढीच ठेवावी. कुणी मेलं तर मेलं.

कलम ७. रिपोर्टात उरलेले महिने लिहिलेले नसतात. ते डॉक्टरांनी तिला सांगितले आहेत. ती आत्ता समोर बसून हे ऐकते आहे. तिने खरा आकडा सांगावा, एवढीच माझी मागणी.

(वकीलबाईंना विनंती, ती बोलेल ते जसंच्या तसं घ्यावं.)

"बाबा, महिने नाहीत. पंधरा दिवस म्हणाले. त्यातले नऊ गेले."

कलम ६ मधली खोडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली आहे. तिथे माझी सही आहे. मेहुण्याला फोन केला आहे. लेकीने टेबलाशी खुर्ची ओढून घेतली आहे.

सही: कवळीवाला
साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही:
१. गल्लीतला पोस्टमन
२. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई
ठिकाण: माझं घर, पुढची खोली
दिनांक: १२ मार्च, बुधवार, दुपारी सव्वातीन